बिनरेघांची नळी

ट्राउट क्रीक
२८ ऑगस्ट १९६१

उंतो काका,

नमस्कार लिहायला हात वळत नाही, म्हणून नुसतं नाव लिहिलंय.

मार्चमध्ये बाबांना पुरून आम्ही घरी आलो, तेव्हा स्वयंपाकघराच्या दारावरची रायफल गेलेली होती. खुंट्या तेवढ्या राहिल्या होत्या. दफनाला आलेल्या माणसांपैकी कॉफी न पिता लवकर निघालेले तुम्ही एकटेच. तेव्हा आईनं मला गप्प केलं. आता आई मावशीकडे राहायला गेली आहे आणि घरात मला गप्प करणारं कोणी नाही.

ती रायफल परत पाठवा. हरणांच्या शिकारीच्या कॅम्पच्या दाराला ठोकलेला नियम तुम्हाला माझ्याइतकाच पाठ आहे: पंधरा नोव्हेंबरच्या पहाटे जो आपल्या रायफलीसह हजर, त्याची झोपायची फळी, रिकामी फळी मतदानाला. आजोबांनी आणि म्हाताऱ्या इसाकनं ती झोपडी बांधली, तेव्हापासून एकही फळी घराबाहेर गेलेली नाही. बाबांच्या फळीवर यंदा मी झोपणार आहे.

बाई कॅम्पला आलेली नाही हे मला ठाऊक आहे. येऊ नये असं नियमात कुठं लिहिलेलं नाही.

हेल्वी

*

इश्पेमिंग
५ सप्टेंबर

हेल्वी,

तुझं पत्र वाचून तुझ्या काकूला वाटलं एखाद्या वकिलाचं आहे. मग सही बघितली.

रायफल माझ्या बापाची होती. बापानं थोरल्याला वापरायला दिली, थोरला गेला, आता ती धाकट्याकडे आली. यात चोरी कुठली? तू दोहोंच्या मधे कुठं बसतेस ते मला दिसत नाही. लोण्याच्या कारखान्यात पाइप धुणारी पोर तू. जन्मात एक गोळी झाडलेली नाहीस. हरणाला काय दुधाची बादली दाखवून बोलावणार आहेस?

फळीचं म्हणशील, तर माझ्या लेकीचं लग्न झाल्यापासून जावई रुडी कॅम्पच्या अंगणात तंबू ठोकून झोपतो. सात वर्षांचे नोव्हेंबर त्यानं गारठ्यात काढलेत. मतदान झालं तर माझं मत त्याला, आणि मी ते मिशीत लपवणार नाही.

तरी हौसच असेल तर स्वतःची रायफल घे. हल्ली लष्करानं टाकून दिलेल्या रायफली प्रत्येक हार्डवेअरच्या दुकानात पिंपात उभ्या करून ठेवतात, फावडी ठेवतात तशा. त्यातली ती आखूड इंग्रजी बघ, तोंडाशी नरसाळं असलेली. जंगलातल्या लढाईसाठी केलेली, वजनाला हलकी. बायकांच्या हाताला तीच बरी.

बघ, सल्ला फुकट दिलाय. चोर असा असतो का?

उंतो

*

ट्राउट क्रीक
३० सप्टेंबर

काका,

तुमचा सल्ला घेतला. त्याची खूण माझ्या उजव्या खांद्यावर आहे, वांग्याच्या रंगाची.

ती आखूड इंग्रजी रायफल मी घेतली. खडीच्या खाणीत डेअरीतली चौघं बघायला आली होती. पहिल्याच गोळीला मी मागच्या मागे बसले आणि रायफल माझ्या मांडीवर. दुसऱ्या गोळीला दात आपटून जीभ चावली. तिसरी मी झाडलीच नाही. रायफल ठेवून रडले, आणि त्या चौघांनी ते पाहिलं. सोमवारपासून डेअरीत लोण्याचा डबा माझ्या हातात देताना सगळे मुद्दाम एक पाऊल मागं सरकतात.

दुकानदार भला. रायफल परत घेतली आणि विचारलं, "पोरी, ही तुला घ्यायला कुणी सांगितली गं?" मी म्हटलं, काकानं. तो म्हणाला, "लढाईत होते ना ते? मग त्यांना माहीत असणार. रायफल जितकी हलकी तितका दणका जास्त. ही तर आडदांड सैनिकांनीही शिव्या देत वापरली."

म्हणजे तुम्हाला माहीत होतं. मी घाबरून बंदुकीचं नाव टाकावं, फळी रुडीला मिळावी, यासाठी तुम्ही माझा खांदा फोडलात. शिकवायचं निमित्त करून हे करणारा माणूस माझ्या बापाच्या पाठचा आहे, याची मला लाज वाटते. बाबा तुमच्याशी आठ वर्षं बोलले नाहीत. मला वाटायचं त्यांचाच हेका असेल. आता माझी खात्री पटली की चूक त्यांची नव्हती.

यापुढे मी माझ्या डोळ्यांनी बघून घेईन.

हेल्वी

*

इश्पेमिंग
७ ऑक्टोबर

हेल्वी,

हसून हसून माझी कॉफी सांडली. काकू म्हणाली, लाज वाटू द्या. वाटली नाही.

खांद्याला वाईट दिसणारं काही झालेलं नाही. पंधरा दिवसांत पिवळं पडेल आणि जाईल. माझा खांदा एकोणीसशे चव्वेचाळीसपासून तसा आहे, आणि मी कुणाला पत्रं लिहून कळवलं नाही. जी पोर दोन गोळ्यांत रडते, तिनं हिवाळ्यात मोजे विणावेत. आमच्या कॅम्पात सहा म्हातारे आहेत, वाफेचा सौना आहे, शिव्या आहेत, आणि संडास शंभर पावलांवर आहे. तिथं तुला कोण सांभाळत बसणार?

आता स्वतःच्या डोळ्यांनी बघणार म्हणतेस तर बघ. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला, इतकं ते सोपं नसतं.

तुझ्या बापात आणि माझ्यात काय होतं ते तू लिहू नकोस. तुला त्यातलं काहीही माहीत नाही.

उंतो

*

ट्राउट क्रीक
२९ ऑक्टोबर

काका,

रायफल मिळाली. तुम्हाला कळवण्यात मला फार आनंद होतो आहे, म्हणून सगळं तपशीलवार लिहिते.

पास्कल न्हावी तुम्हाला आठवत असेल, बाबांचे केस तोच कापायचा. त्याचा भाऊ जपानहून येताना एक रायफल घेऊन आला होता. भाऊ वारला, तेव्हापासून ती पास्कलच्या माळ्यावर. पास्कलनं आयुष्यात वस्तऱ्याखेरीज हत्यार धरलेलं नाही. मी तीनदा जाऊन बघितली. दुकानदारानं सांगितलेलं सगळं पडताळून पाहिलं. चांगली लांब आणि जड आहे, त्यामुळे दणका कमी बसेल. लाकडाला तडा नाही. काडतूस आत सारणारा बोल्ट लोण्यातून सुरी फिरावी तसा मागेपुढे होतो. गंजाचा एक ठिपका नाही.

दुकानदार म्हणाला होता की जपानी रायफलींच्या वरच्या पोलादावर बादशहाचं फूल कोरलेलं असतं, आणि शरण येताना त्यांनी ती फुलं कानशीनं घासून काढली. बहुतेकांवर त्या घासण्याचे ओरखडे दिसतात, ओंगळ. माझ्या रायफलीचं फूल इतक्या सफाईनं काढलंय की बोट फिरवलं तरी लागत नाही. तिथं काही होतं असं वाटणारही नाही. कुणी मन लावून काम केलेलं आहे.

आणि नळी! दुकानातल्या पिंपातल्या रायफलींच्या नळीत मी वाकून पाहिलं होतं. आत वेड्यावाकड्या रेघा, त्यात काळं किटण. आमच्या डेअरीत असा पाइप निघाला तर इन्स्पेक्टर कारखाना बंद करेल. माझी नळी उजेडाकडे धरली तर आत एक रेघ नाही. या टोकापासून त्या टोकापर्यंत आरसा. मी पाइप धुणारी पोर ना? मग स्वच्छ पाइप कशाला म्हणतात ते मला तुमच्यापेक्षा चांगलं कळतं.

या रायफलीची काडतुसं इथं मिळत नाहीत. दुकानदारानं टपालानं मागवलीत, नऊ तारखेपर्यंत येतील. शनिवारी, अकराला, खाणीत जाऊन नेम बसवणार. पंधराला कॅम्पात भेटू. रुडीला म्हणावं तंबूला ठिगळ लावून ठेव.

हेल्वी

*

इश्पेमिंग
१ नोव्हेंबर

हेल्वी,

ती रायफल झाडू नकोस.

फूल घासलेलं नाही, तिच्यावर फूल कधी नव्हतंच. रेघाही झिजलेल्या नाहीत, त्या कधी पाडलेल्याच नव्हत्या. खऱ्या रायफलीच्या नळीत पिळाच्या रेघा असतात, त्यानं गोळी फिरत जाते. ज्या नळीत रेघा नाहीत ती गोळीसाठी केलेली नळीच नव्हे. जपानात शाळेतल्या पोरांना कवायतीसाठी अशा रायफली द्यायचे. ओतीव लोखंड, तव्याचं असतं तसं. नुसता आवाज करणारं फुसकं काडतूस उडवायला. खरं काडतूस आत बसतं, हीच त्यातली फसगत. ते उडवलंस की बोल्टाभोवतीची पेटी तुझ्या तोंडावर फुटेल.

पास्कलला परत दे. यात चेष्टा नाही.

उंतो

*

ट्राउट क्रीक
४ नोव्हेंबर

काका,

पंधरा दिवस आधी माझ्या हातातून रायफल काढायचा हा डाव बरा शोधलात. अजून चार दिवस थांबायला हवं होतं, म्हणजे दुसरी घ्यायला मला वेळच उरला नसता.

काल तुम्ही दुकानात फोन केलात. मी तिथंच होते, दोऱ्याचं रीळ घेत. मीच सांगायला लावलं की हेल्वी इथं नाही. शाळेच्या पोरांच्या रायफली! जपानात शाळांना रायफली देतात, तर इथल्या शाळेत मला चेंडूसुद्धा का नाही मिळाला? पास्कलचा भाऊ म्हणायचा की त्यानं ती लढाईत मिळवली. आणि त्या मेलेल्या भावाला माझी फळी नको आहे, तुम्हाला हवी आहे.

तुमच्या दुधानं माझं तोंड एकदा पोळलंय. आता तुमच्याकडचं ताकसुद्धा मी फुंकून पिते.

घरी येण्याची तसदी घेऊ नका. शनिवारी मी खाणीत असेन.

हेल्वी

*

इश्पेमिंग
७ नोव्हेंबर

हेल्वी,

येऊ नका लिहिलेलं तुझं पत्र पोचायच्या आधीच मी रविवारी आलो. तू ओट्यावर तीच रायफल हातात धरून उभी राहिलीस आणि म्हणालीस, "फाटकाच्या आत पाऊल टाकू नका." मी तोंड उघडलं आणि मला बोलता आलं नाही. तू कडी लावून घेतलीस. बरोबर केलंस. तोंडानं मला हे नऊ वर्षांत सांगता आलेलं नाही, ते फाटकाशी उभं राहून काय येणार होतं? म्हणून लिहितो. पूर्ण वाच, मग चुलीत घाल.

तुझ्या बापाचा उजवा डोळा कशानं गेला असं तुला सांगितलंय? लाकडं फोडताना ढलपी उडाली. आम्ही दोघांनी मिळून ते ठरवलं होतं. खोटं आहे.

युद्ध संपल्यावर आमची तुकडी जपानात एका गावच्या शाळेत उतरली होती. मागच्या खोलीत, फळा पुसायच्या फडक्यांशेजारी, वीस-पंचवीस रायफली भिंतीला टेकवून ठेवल्या होत्या. मी एक उचलली. लढाईत माझ्या हाती काही लागलं नव्हतं. मी सगळं युद्ध रसद मोजण्यात काढलं, एकही जपानी जिवंत समोरून पाहिला नाही. चव्वेचाळीस साली खांदा दुखावला तोही ट्रकमधून खोकं उतरवताना. पण घरी आलो तर गावात बँड वाजत होता आणि तुझा बाप मला मिठी मारून रडत होता. त्यानं विचारलं, ही कुठं मिळाली? मी म्हटलं, एका अधिकाऱ्याला पाडलं, त्याच्या हातून घेतली. इतकंच म्हटलं. बाकीचं त्यानंच वाढवत नेलं. ट्राउट क्रीकमध्ये अशी गोष्ट ऐकली नाही असा माणूस उरला नाही.

मला तेव्हाच माहीत होतं की ती शाळेची आहे. आमच्या सार्जंटनं सांगितलं होतं, यातली एकही झाडू नका, पलीकडच्या तुकडीत एकाचा जबडा गेलाय. मी ती माझ्या भिंतीवर टांगली आणि गप्प बसलो. बावन्नच्या नाताळात तुझा बाप ओलावी म्हणाला, इतकी इज्जतीची वस्तू नुसती टांगून ठेवलीस? मी दारूच्या भरात म्हटलं, घे, तुलाच दिली. त्याला काय आनंद झाला म्हणून सांगू. दुसऱ्या दिवशी म्हणाला, काडतुसं मिळाली, चल कोठारामागं. मी सोबत गेलो. हेल्वी, मी सोबत गेलो. वीस पावलांच्या त्या वाटेवर मला सांगता आलं असतं. पण सांगायचं म्हणजे हेही सांगावं लागलं असतं, की ती मी फडक्यांच्या खोलीतून उचलली. मला वाटलं, फुटेलच असं कशावरून? पहिली गोळी नीट गेलीही. तो हसून माझ्याकडं बघत म्हणाला, "बघ, अधिकाऱ्याची म्हणून कशी आहे!" दुसरीला फुटली.

इस्पितळात त्याचं डोकं बांधलेलं असताना मी त्याला सगळं सांगितलं. त्यानं मला शिवी दिली नाही. म्हणाला, "लाकडाची ढलपी म्हण. पोरगी तुला हिरो समजते." मग तोंड भिंतीकडं केलं. ते शेवटचं बोलणं. पुढे दर नोव्हेंबरला तो येऊन वरच्या फळीवर झोपायचा, मी खालच्या. कुऱ्हाड हवी असेल तर इसाकला सांगायचा, उंतोला सांग.

ती इंग्रजी रायफल मी मुद्दाम सांगितली, हेही खरं. तू कॅम्पात यायला नको होतीस मला. तुझा चेहरा त्याच्यासारखा आहे. तो वर्षातून तीन दिवस माझ्या डोक्यावर नको होता. रुडीचं निमित्त.

तुझ्या हातात आहे ती तसलीच. ओट्यावर बघितल्याबरोबर ओळखली. विश्वास ठेवू नकोस, पण झाडू नकोस. बापाची रायफल मी पुढच्या दाराआड ठेवली आहे, काडतुसांसकट. दार उघडं असतं. कधीही येऊन ने, मी समोर येणार नाही.

उंतो

*

ट्राउट क्रीक
१८ नोव्हेंबर

काका,

तुमचं पत्र शुक्रवारी दुपारी मिळालं. काडतुसं गुरुवारीच आली होती. डेअरीच्या पायरीवर बसून मी ते दोनदा वाचलं. कुणी माणूस खोटं रचायचं म्हणून स्वतःविरुद्ध इतकं रचणार नाही. तरी तुमच्यावर विश्वास ठेवायची सवय नाही, म्हणून मी बघायचं ठरवलं.

शनिवारी खाणीत ती रायफल दोन जुन्या टायरांना घट्ट बांधली. दस्त्यावर माझा गाल टेकला असता तिथं घरातली एक उशी बांधली. चापाला दोरी लावली, दगडांच्या ढिगाआड आडवी झाले आणि ओढली. पहिली गोळी नीट गेली. तुम्ही लिहिलं होतं म्हणून मी तेवढ्यावर थांबले नाही. नव्यानं काडतूस भरून पुन्हा ढिगाआड गेले. दुसऱ्या गोळीला पेटीचे तीन तुकडे झाले. एक त्या उशीत शिरून पलीकडून निघाला. पिसं खाणभर झाली. मी फुटलेले तुकडे वेचून थैलीत भरले.

उशी घेऊन पास्कलकडे गेले. तो बिचारा खुर्चीत बसला आणि मीच त्याला पाणी दिलं.

तुमच्या दाराआडची रायफल मी नेली नाही. तुमच्या हातून मिळालेली वस्तू आमच्या घरात एकदा आली होती, तेवढं पुरे.

पंधराच्या पहाटे कॅम्पात काय झालं ते तुम्ही पाहिलंत. तरी लिहिते, कारण तुम्ही पूर्ण वेळ कॉफीच्या मगात बघत होतात. इसाकनं दारातच अडवलं. "पोरी, नियम माहीत आहे ना? रायफल कुठाय?" मी थैलीतून फुटलेली पेटी, वाकलेला बोल्ट आणि ती नळी काढून टेबलावर मांडली, वेलदोड्याच्या पावाशेजारी. रुडी म्हणाला, "हे भंगार आहे." इसाकनं चष्मा लावला, एकेक तुकडा उचलून पाहिला, नळीतून दिव्याकडं बघितलं. मग म्हणाला, "रायफल आहे? आहे. हिची आहे? आहे. हजर आहे? आहे. धड असावी असं दारावर कुठं लिहिलंय ते कुणी मला वाचून दाखवा." कुणी उठलं नाही. तुम्ही मत मागितलं नाहीत, तेही मी पाहिलं.

नंतर सौनाच्या पायरीवर इसाकनं मला बाजूला घेऊन विचारलं, "दोरी बांधून बघायची अक्कल तुला कुणी दिली?" मी सांगितलं, बाबांनी. तो माझ्याकडं बघत राहिला. त्याला काही कळलं असेल तर असो. माझ्या तोंडून ते कुणालाही कळणार नाही, आईलासुद्धा नाही. बाबांनी एक डोळा देऊन जे झाकलं ते उघडं पाडायचा मला हक्क नाही.

याचा अर्थ तुम्हाला माफ केलं असा लावू नका. वीस पावलं होती. मी त्या कोठारामागं जाऊन मोजली. माझ्या पावलांनी सत्तावीस भरली. सत्तावीस पावलांत माणूस एक वाक्य बोलू शकतो.

बाबा तुमच्याशी बोलले नाहीत ते तुमची अब्रू राखायला. मी बोलणार नाही ते मला तुमच्याशी बोलायचं नाही म्हणून. पुढच्या पंधरा नोव्हेंबरला मी येईन, त्याच्या पुढच्यालाही. वरची फळी माझी आहे. खाली पडून दोन्हींतला फरक ओळखत बसा.

हेल्वी ओलावी सारेला